लाभाचं घमेलं

पंपाच्या बॉड्या घेऊन गेलेला ट्रक भरलेलाच परत आला, तेव्हा मी पॅटर्न शॉपच्या दारात चहा पीत उभा होतो. गेटातून आत येताना गाडी जड चालत होती. माल उतरवून आलेली गाडी अशी चालत नाही, हे फाउंड्रीतल्या कुणालाही कळतं. ड्रायव्हरनं मागचा फाळका सोडला आणि कुणाकडं न बघता नळावर पाणी प्यायला गेला.

मालक केबिनमधून बाहेर आले. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. त्यांनी वरची एक बॉडी खाली उतरवायला लावली. गिऱ्हाइकानं ती मशीनवर चढवून आतून कातली होती. कातलेल्या चकचकीत भागात बारीक बारीक खड्डे दिसत होते आणि खड्ड्यांत वाळूचे कण रुतले होते. दुसरी उतरवली, तिसरी उतरवली. काही बॉड्या आरशासारख्या स्वच्छ होत्या, पण खराब इतक्या होत्या की गिऱ्हाइकानं निवडत बसण्यापेक्षा सगळा लॉटच परत पाठवला होता. आप्पांनी नखानं एक कण उकरून काढला, तळहातावर घेतला आणि कोअर शॉपकडं बघितलं.

कोअर शॉपची मुकादम माझी बायको होती. शालन.

फाउंड्री ज्यांनी बघितली नाही त्यांना कोअर म्हणजे काय ते सांगायला हवं. पंपाची बॉडी आतून पोकळ असते. ती पोकळी राहावी म्हणून साच्याच्या आत त्याच आकाराचा वाळूचा गोळा ठेवतात, तो कोअर. भोवतीनं लोखंडाचा रस ओततात, आणि लोखंड गोठलं की आतली वाळू फोडून काढतात. म्हणजे कोअरनं रस अंगावर येईपर्यंत दगडासारखं उभं राहायचं आणि काम झालं की भुगा व्हायचं. नुसती वाळू हे करत नाही. तिला धरून ठेवायला काहीतरी घालावं लागतं. आमच्याकडं पहिल्यापासून जवसाचं तेल आणि साखर कारखान्याची मळी घालायचे आणि कोअर भट्टीत भाजायचे. त्या धुरानं बायकांचे डोळे कायम लाल असायचे. शालन घरी आली की करपलेल्या तेलाचा वास तिच्या आधी दारातून आत यायचा.

मग रेझिन आलं. मधासारखं घट्ट रेझिन आणि त्याच्या जोडीला पातळ हार्डनर. दोन्ही मिक्सरमध्ये वाळूत मिसळून कोअर बॉक्समध्ये ठोकायचं, की थोड्या वेळात कोअर आपोआप कडक. भट्टी नको, धूर नको. आप्पांच्या मनात हे काम बाहेर द्यायचं होतं. वसाहतीतच एकानं मशीन बसवलं होतं, तो तयार कोअर पुरवायला तयार होता. तसं झालं असतं तर आमच्या कोअर शॉपमधल्या सगळ्या बायका घरी गेल्या असत्या. शालन आप्पांकडं गेली आणि म्हणाली, आम्हाला शिकवा, आम्ही करतो. आप्पा हो-नाही करत होते. शेवटी म्हणाले, एक लॉट करून दाखवा. नीट निघाला तर कोअर इथंच होतील, नाहीतर मला पुन्हा विचारायला यायचं नाही. त्याच वेळी त्यांनी तिला मुकादम केलं. आमच्या फाउंड्रीत बाई मुकादम झाली ती पहिलीच.

तोच हा लॉट.

रेझिनवाल्या कंपनीचे गद्रे साहेब दुसऱ्या दिवशी पुण्याहून आले. माणूस शांत होता. त्यांनी शिल्लक राहिलेले कोअर एकेक करून टिचकीनं वाजवून बघितले, मग अंगठ्यानं कडा दाबल्या. काही कोअर टणटण वाजत होते. काहींची कड अंगठ्याखाली साखरेसारखी सुटत होती. ते म्हणाले, रेझिन तेच आहे, वाळू तीच आहे, काही घाण्यांत माप चुकलंय. एक तर रेझिन कमी पडलंय किंवा वाळू जास्त झालीय. असा कोअर हातात धरून कळत नाही, पण रस अंगावर आला की कड सुटते आणि ती वाळू लोखंडात जाते.

आप्पांनी सगळ्यांना मिक्सरपाशी गोळा केलं. ते ओरडले नाहीत, ते ओरडत नसत. एवढंच म्हणाले, की हे ज्यानं केलं त्याला मी गेटाबाहेर काढणार, मग तो कितीही जुना असो. आणि ते कोण, हे कळल्याशिवाय पुढचा कोअर इथं होणार नाही.

मिक्सरवर दोघीच असायच्या. सकाळी शालन, जेवणानंतर गौराक्का. गौराक्का कोअर शॉपमधली सगळ्यात जुनी बाई, मूळची जतकडची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बायकोला घेऊन तिकडं सांगलीला राहत होता आणि आईची खबरबात घेत नव्हता. शालन पहिल्यांदा कामाला आली तेव्हा तिला कोअर ठोकायला गौराक्कानंच शिकवलं होतं. हातावर फटके मारून शिकवलं होतं. तिच्या हातचा कोअर फुटला असं कुणी कधी बघितलं नव्हतं.

गद्रे साहेबांनी दोघींकडून समोर घाणे करून घेतले. प्रमाण सोपं होतं. सात घमेली वाळू, त्याला एक मग रेझिन आणि हार्डनरचं छोटं माप. साहेब स्वतः मिक्सरशेजारी उभे राहिले आणि बायका वाळू टाकतील तशी मोठ्यानं मोजत गेले, एक, दोन, तीन. शालनचा घाणा बरोबर आला. गौराक्काचाही बरोबर आला. दोन्हींचे कोअर टणटण वाजले. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, आता मात्र मला काही सांगता येत नाही.

गौराक्का पदर खोचून आप्पांच्या पुढ्यात उभी राहिली. "झाली परीक्षा? आता रेझिनचं डबं बघा. माझ्या हयातीत माझा कोअर परत आला न्हाई."   शालन मिक्सरच्या पात्याला चिकटलेली वाळू बघत होती.

सुट्टीच्या दिवशी आम्ही जोंधळा आणायला गौराक्काकडं गेलो. दरवर्षी तिचा भाऊ गावाकडून पोती घेऊन यायचा आणि ती वसाहतीतल्या ओळखीच्यांना वाटून द्यायची. आम्ही पाच पायल्या सांगून ठेवल्या होत्या. मी सायकल भिंतीला लावली आणि पोतं पसरून धरलं. गौराक्का पोत्यापुढं बसली, पायली शिगोशीग भरली, माझ्या पोत्यात ओतली आणि म्हणाली, "लाभ."

यात नवल काही नव्हतं. आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पहिलं माप देवाच्या नावाचं. मग तिनं दुसरी पायली ओतली आणि म्हणाली, "एक."

शालन दारातल्या पायरीवर बसली होती. तिनं मान वर केली. गौराक्का मोजत गेली, दोन, तीन, चार, पाच, आणि हात झटकून मागं सरली.

"गौराक्का, सा पायल्या झाल्या की गं," शालन म्हणाली. "लाभ धरला न्हाईस."

"लाभ कुणी धरतंय व्हय? लाभ देवाचा. पयलं माप मोजलं की बरकत गेली. माझ्या आईनं शिकवलंय मला."

"आमच्या राधानगरीकडं लाभ म्हंजेच एक. लाभ, दोन, तीन."

"म्हणून तर तुमच्याकडं नुसता भात पिकतोय."

शालन हसली. पोत्याचं तोंड बांधायला तिनं सुतळी काढली आणि खाली बघतच विचारलं, "मग तू सगळंच असं मोजतीस?"

"सगळंच. देव काय घरापुरताच असतोय व्हय?"

शालननं गाठ मारली. वरच्या पायलीचं काय द्यायचं विचारलं तर गौराक्का अंगावर आली, देवाच्या मापाचं काय घेतेस म्हणाली. आम्ही चहा घेतला, गौराक्कानं सुनेच्या चार तक्रारी केल्या, आणि आम्ही निघालो. मला तोवर काही लक्षात आलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि हातातली सायकल आपोआप थांबली.

"शालन, आठ," मी म्हटलं. "ती सातच्या जागी आठ घमेली टाकती."

"हळू बोला. पुढं चला."

ती झपाझपा हमरस्त्याकडं चालायला लागली. मी मात्र मनात सगळं लावून बघत होतो आणि सगळं नीट बसत होतं. तेलाच्या दिवसांत वाळू कुणी मोजत नव्हतं. मुठीत दाबायची, बोटांचे ठसे उठले की झालं. घमेली मोजायची वेळ रेझिनमुळं पहिल्यांदाच आली. मिक्सर चालू असला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि गौराक्का ओठातल्या ओठात मोजायची. त्या दिवशी साहेबांनी मोठ्यानं मोजलं म्हणून तिचा लाभ राहून गेला.

मी म्हटलं, सुटलो. उद्या सकाळी आप्पांना सांगू.

"सांगू," शालन म्हणाली, "आणि तिला गेटाबाहेर काढू."

"मग तिलाच सांग. लाभ धरत जा म्हणावं."

"तिला सांगितलं तर ती उद्या मालकांच्या पुढं जाऊन उभी राहील. मीच केलं म्हणून सांगंल. ती काय लपवणारी बाई हाय? आणि मालक सगळ्यांच्या देखत बोलून बसलेत, त्यांना माघार घेता येणार न्हाई. या वयात तिला कोण कामावर घेणार? पोरगा तर असला."

"मग करायचं काय?"

"मोजायचंच न्हाई."

 तिनं रस्त्याच्या कडेला हातानं आकार करून दाखवला, असा. सात घमेली वाळू बरोबर मावेल अशी लाकडी पेटी. वाळू भरायची, वरनं पट्टी फिरवून सपाट करायची, जास्तीची आपोआप खाली पडते. कुणी लाभ म्हणो नाहीतर एक म्हणो, पेटीत मावेल तेवढीच वाळू मिक्सरमध्ये जाईल.

"पेटी होईल," मी म्हटलं. "पण आप्पा नाव मागतील."

"मागू देत. मागायचं त्यांनी. द्यायचं का न्हाई ते मी ठरवतो."

आमच्या कोल्हापूरकडच्या बायका अशाच बोलतात, मी ठरवतो, मी बघतो. शालननं ते म्हटलं की त्यावर बोलायला जागा राहत नसे. तरी मी बोललो. म्हटलं, तुझी मुकादमकी जाईल. आत्ता कुठं मिळालीय. इतकी वर्षं धुरात काढलीस त्याचं हे एवढं एक मिळालंय. मला खरंच राग आला होता, गौराक्काचा नाही, शालनचाच. ती सायकलवरचं पोतं सरळ करत म्हणाली, "जाऊ दे की. मला काय कोअर करायला येत न्हाई व्हय?"

सकाळी कारखाना सुरू व्हायच्या आधी मी सागवानाची पेटी जोडली. साच्यांचे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करणारी माणसं आम्ही, मापाला चुकत नाही. शालननं स्वतः सात घमेली भरून तिच्यात ओतली, काठाला काठ बसला. तशी पेटी उचलून आम्ही आप्पांच्या केबिनमध्ये गेलो. गद्रे साहेब तिथंच बसले होते.

शालननं पेटी टेबलापाशी ठेवली आणि म्हणाली, "वाळू मोजण्यात चुकलंय. घाण्याला एक घमेलं जादा पडलं. आता ही पेटी वापरली की चुकणार न्हाई."

आप्पांनी पेटीकडं बघितलंच नाही. "कोण चुकलं?"

"मुकादम मी हाय."

"ते मला माहीत आहे. मी विचारतोय, जादा घमेलं कुणी टाकलं?"

"मुकादम मी हाय," शालन पुन्हा म्हणाली. आवाज तेवढाच, कमी नाही, जास्त नाही.

आप्पा खुर्चीत मागं टेकले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पेटीकडं बघितलं. मला वाटतं त्यांना कळलं होतं, की ही खोटं बोलत नाही आणि खरंही सांगत नाही. ते म्हणाले, "मी सगळ्यांच्या समोर काय बोललोय ते ऐकलंयस ना?"

"ऐकलंय. मुकादमकी काढून घ्या. कामावरनं काढायचं असलं तरी काढा. पण कोअर हितंच व्हायला पाहिजेत. एक लॉट पेटीनं करून बघा. खराब निघाला तर सगळ्या बायका न सांगता घरी जातील, मी नेतो त्यांना."

आप्पांनी गद्रे साहेबांकडं बघितलं. साहेब उठले, पेटीवरनं बोट फिरवलं, कोपरे बघितले आणि म्हणाले, "मोजण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. आम्हाला दुसऱ्या फाउंड्र्यांनाही सांगण्यासारखं आहे." एवढंच बोलून ते बसले, पण तेवढ्यानं काम झालं.

आप्पांनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. शेवटी म्हणाले, "कामावर राहा. मुकादमकी मात्र नाही. एक लॉट देतो. मुकादम म्हणून…" ते थांबले. "गौराक्काला करतो. सगळ्यात जुनी आहे. तिच्या हातचं कधी वाया गेलेलं नाही."

मी शालनकडं बघितलं. तिचा चेहरा जसा होता तसाच होता.

"बरं होईल," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ती वाळूच्या ढिगापर्यंत चालत गेली, तिथं बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसली. मला हसू येत नव्हतं. ती म्हणाली, अहो, हसा की, मालकांनी किती हुडकून माणूस काढला बघा.

दुसरा लॉट पेटीनं झाला. आप्पांनी गिऱ्हाइकाकडं पाठवायच्या आधी चार-पाच बॉड्या करवतीनं उभ्या कापायला लावल्या. आतून एक कण निघाला नाही. तेलाची भट्टी त्या वर्षी विझली ती विझलीच, आणि कोअर शॉपमधली एकही बाई घरी गेली नाही. उलट पुढं आणखी बायका घ्याव्या लागल्या. तशा पेट्या मी नंतर कितीतरी केल्या.

गौराक्कानं मुकादमकी चांगली केली, तेही सांगितलं पाहिजे. कडक होती पण कुणाचा खाडा उगीच लावला नाही. पेटीत वाळू भरताना मूठभर वाळू देवाच्या नावानं वर टाकायची, मग पट्टी फिरवायची. देवाची मूठ पट्टीसरशी खाली पडायची आणि माप बरोबर राहायचं. शालनला मात्र तिनं सोडलं नाही. आपण हाताला धरून शिकवलेली पोरगी सात घमेली मोजायला चुकली, याची तिला लाज वाटायची, आणि ती लाज ती बोलून काढायची. नवी बाई कामाला आली की सांगायची, "ही आमची शाली. मुकादमीण झाली होती, पण साताच्या पुढं मोजून बसली. ही पेटी तिच्यासाठी केलीय." बायका हसायच्या. सगळ्यात मोठ्यानं शालन हसायची.

हे वर्षानुवर्षं चाललं. मी घरी चिडायचो. म्हणायचो, आता तरी सांग, आता आप्पा कुणाला काढणार नाहीत. शालन म्हणायची, ती कामावर हाय तोवर न्हाई. तिला कळलं तर त्या दिवशी ती मुकादमकी टाकून घरी जाईल, आणि घरी तिला हाय कोण? मग गौराक्का थकली, काम सुटलं. मी पुन्हा म्हटलं. शालन म्हणाली, बघू. आणि कोअर शॉपमध्ये ती स्वतः शेवटपर्यंत साधी कोअरवाली राहिली. मुकादमकी नंतर दोनदा रिकामी झाली, पण मोजायला चुकलेली बाई म्हणून तिचं नाव कुणी पुढं केलं नाही. तिनंही नाही, आणि मी तरी कुठल्या तोंडानं करणार होतो? खरं सांगितल्याशिवाय ते करता येत नव्हतं.

शालन गेल्या माघात गेली. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. बोलणं काही झालं नाही.

दिवस झाल्यावर गौराक्का रिक्षानं आली. पार वाकलीय, कानानं कमी ऐकू येतं. माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली. पहिल्यांदा रडली, मग पाणी प्याली आणि म्हणाली, "हात चांगला होता तिचा. मीच बसवला होता. त्या एका लॉटाला तेवढी मोजण्यात गडबडली, न्हाईतर बोट ठेवायला जागा न्हाई." घरात पाहुणे बसले होते. कारखान्यातलेही होते. त्यांनी माना हलवल्या. मी तिच्यापुढं चहा ठेवला.

जाताना तिनं माझा हात धरला. "मनाला लावून घेऊ नगा, मिस्त्री. माणूस म्हटलं की एखादी चूक व्हायचीच."

त्यानंतर मी तिच्या गल्लीपर्यंत जाऊन आलोय. ती दारात उन्हाला बसलेली असते. शालननं जे राखलं ते मोडायचं, की शालनच्या नावाला लागलेलं पुसायचं, याचा मी पुष्कळ विचार केला. गौराक्का कामावर असेपर्यंत बोलू नका, एवढंच शालन म्हणाली होती, कायमचं बोलू नका असं तिनं कधी म्हटलं नाही. आणि गौराक्का खरं ऐकून घेऊ शकणारी बाई आहे, याची मला खात्री आहे. ती लपवणारी नाही. ती ऐकेल, आणि वसाहतीत दारोदार जाऊन स्वतः सांगेल.

गौराक्काला अजून सांगितलेलं नाही.